गंगथडीचं सोनं

सोनं धुवायला शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो वाळू टाकून देण्याचा. घमेल्यात दोन ओंजळी वाळू घ्यायची, पाण्यात बुडवून हलवायची, घमेलं किंचित कलतं करून वरचा थर वाहू द्यायचा, पुन्हा हलवायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी तळाशी चिमूटभर काळी रेती उरते. नदी सोन्याची असेल आणि दिवस बरा असेल, तर त्या काळ्या रेतीच्या कडेला एखादा पिवळा कण दिसतो. कॅलिफोर्नियापासून बालाघाटपर्यंत सगळ्या नवख्यांनी सुरुवात अशीच केली.

मी हा धडा शहागडला घेतला. शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, गोदावरीच्या डाव्या काठावरचं गाव. धुळे-सोलापूर महामार्गानं जाताना इथला मोठा पूल लागतो. पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू. या भागात नदीला गोदावरी फार कुणी म्हणत नाही. नदी म्हणजे गंगा आणि तिच्या काठचा पट्टा म्हणजे गंगथडी. माझं आजोळ याच गंगथडीतलं. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. लहानपणापासून आजोळी एक वाक्य ऐकत आलो, 'गंगेच्या पोटात सोनं हाये.' सांगणारा काळ्या रानाबद्दल, उसाबद्दल बोलत असायचा. पण इंजिनिअर माणसाला वाक्य शब्दशः घ्यायची खोड असते. खरंच आहे का? आज नसेल तर कधी होतं का? असलं तर कुणी काढलं?

म्हणून मागच्या उन्हाळ्यात एक घमेलं, दोन चाळण्या, एक भिंग आणि एक लोहचुंबक घेऊन मी दोन दिवस नदीत बसलो. मामा बांधावरून बघत होते.

"काय हुडकायलास रे?"

"सोनं."

"हितं सोनं असतं तर मी ऊस कशाला लावला असता?"

मामांचं उत्तर भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर होतं. पण ते का बरोबर, हे शोधताना जे हाती लागलं ते सांगण्यासारखं आहे.

घमेल्यातलं गणित

सोनं धुणं ही सगळी करामत वजनाची आहे. एक घनसेंटिमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. तेवढ्याच आकाराच्या गारेचं, म्हणजे क्वार्ट्झचं, 2.65 ग्रॅम. सोन्याचं 19.3 ग्रॅम. म्हणजे कोरड्या हवेत सोनं गारेपेक्षा सुमारे सातपट जड. आता दोन्ही पाण्यात बुडवा. प्रत्येकाचं वजन त्यानं बाजूला सारलेल्या पाण्याइतकं कमी होतं. गार 1.65 वर येते, सोनं 18.3 वर. फरक एकदम अकरापट होतो. घमेलं पाण्याखाली धरून का हलवायचं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आर्किमिडीजचं नाव न ऐकलेल्या माणसांनी हे हातानं ओळखलं होतं.

नदीही हेच करत असते, फक्त मोठ्या घमेल्यात. पुराच्या पाण्याला जोर असतो तेव्हा सगळं वाहतं. जोर ओसरला की जड ते आधी बसतं. म्हणून सोनं शोधणारा वळणाच्या आतल्या अंगाला बघतो, कारण तिथं पाणी मंदावतं. मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे बघतो. पात्रातल्या खडकाच्या भेगा खरवडतो. वरची स्वच्छ, चमकदार वाळू त्याला नको असते. त्याला हवी असते खालची, खडकाला चिकटून बसलेली खडी, कारण जड कण हजारो पावसाळे सरकत सरकत तिथं जाऊन थांबलेले असतात.

आणि चकाकणारं सगळं सोनं नसतं, याच्या सोप्या परीक्षा आहेत. अभ्रक उन्हात चमकतं, पण सावलीत धरलं की विझतं. सोनं दोन्हीकडे सारखंच पिवळं दिसतं. माक्षिक, म्हणजे पायराइट, सुईनं दाबलं तर फुटतं. सोनं चपटं होतं.

दोन दिवसांत मी अकरा घमेली धुतली. पिवळा कण एकच दिसला, तोही काठावर ओटी सोडतात त्या जागी. भिंगाखाली तो जरीच्या धाग्याचा तुकडा निघाला. बाकी काळी रेती भरपूर मिळाली. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवला तर तिच्यातली बहुतेक उड्या मारत चिकटली. उरले पांढरे, दह्याच्या रंगाचे, थोडेसे पारदर्शक खडे आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक छोटा अकीक. धुतलेली वाळू मी तिथंच परत टाकली. कायद्यानं ती आणि तिच्यातलं सगळं खनिज सरकारचं आहे. सोन्याचं रीतसर पूर्वेक्षण करायचं तर सरकारी परवाना लागतो.

काळ्या खडकाची नदी

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून शहागडपर्यंत गोदावरी एकाच प्रकारच्या खडकावरून येते. तो म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरला आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरली आहेत. आपली काळी जमीनही याच खडकाची झीज.

या खडकात सोनं अगदीच नाही असं नाही. पृथ्वीच्या कवचातल्या बहुतेक खडकांसारखं त्यातही ते आहे, पण टनामागे काही मिलिग्रॅम. खाणीला परवडायला टनामागे काही ग्रॅम लागतात, म्हणजे साधारण हजारपट. ही हजारपट वाढ निसर्गात कशी होते? जमिनीच्या पोटातलं तापलेलं, क्षारयुक्त पाणी जुन्या खडकांतल्या भेगांतून फिरतं, विखुरलेलं सोनं विरघळवून आणतं आणि गारेच्या शिरांमध्ये सोडतं. भारतात अशा शिरा आहेत त्या अडीच अब्ज वर्षांच्या आसपासच्या किंवा त्याहून जुन्या खडकांत, म्हणजे कोलार, हट्टी, गदगजवळचा कप्पतगुड्डा अशा ठिकाणी. महाराष्ट्रातही प्राचीन खडक आहेत, ते पूर्वेला, भंडारा-नागपूरच्या साकोली पट्ट्यात. तिथं सोन्याच्या खुणा मिळाल्या आहेत. मराठवाड्याच्या बेसॉल्टला असल्या शिरा नाहीत. त्याच्याकडे लोखंड आहे. माझ्या चुंबकाला चिकटली ती टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइटची रेती, बेसॉल्टमधून झडलेली.

यात नकाशाची एक गंमत आहे. बालाघाट आणि भंडाऱ्याकडून येणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत येते. वैनगंगेच्या वरच्या उपनद्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोनं धुतलं गेलं. म्हणजे 1,465 किलोमीटर लांबीच्या या नदीच्या खोऱ्यात सोनं आहे, फक्त ते आमच्या खालच्या अंगाला येऊन मिळतं. शहागडचं पाणी सिरोंच्याला जातं, सिरोंच्याची रेती शहागडला येत नाही.

नाव कुणाचं राहिलं

'केजीएफ' सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला. त्या खाणीची खरी कथा घमेल्यापासूनच सुरू होते. 1799 मध्ये टिपू सुलतान पडल्यावर इंग्रजांनी म्हैसूरच्या हद्दीची मोजणी काढली. त्या कामावर असलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरेनच्या कानावर कोलारकडच्या सोन्याच्या गोष्टी आल्या. 1802 मध्ये त्यानं सोनं दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. गावकरी बैलगाड्यांत माती भरून आले आणि त्याच्यासमोर त्यांनी ती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. वॉरेननं अहवाल लिहिला. सुमारे सत्तर वर्षांनी तो मायकेल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाच्या वाचनात आला. 1873 मध्ये त्यानं खोदाईचा परवाना मिळवला. 1880 पासून जॉन टेलर आणि मंडळींनी कारभार हाती घेतला आणि 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद होईपर्यंत तिथून सुमारे 800 टन सोनं निघालं.

वॉरेन, लॅव्हेल, टेलर ही नावं सगळ्या पुस्तकांत आहेत. गाडीभर माती धुऊन दाखवणाऱ्यांपैकी कुणाचं नाव माहीत आहे?

हाच नमुना पुढेही दिसतो. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानं 1874 मध्ये त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात, कप्पतगुड्ड्याच्या परिसरातल्या सोन्याच्या खडकांवर लिहिलं. तिथले ओढे धुणाऱ्या माणसांना 'जालगार' म्हणत. कुठल्या ओढ्यात सोनं आहे आणि कुठल्यात नाही, हे जालगारांना आधीच ठाऊक होतं. फूट यांचं नाव भारतीय प्रागितिहासाचा जनक म्हणून राहिलं. जालगारांचं फक्त जातीचं नाव राहिलं.

मध्य प्रांतात याच लोकांना सोनझारी किंवा सोनझरा म्हणत. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या चार खंडी ग्रंथात त्यांच्यावर एक प्रकरण आहे. नदीची रेती लाकडी काठवटीत धुऊन सोनं काढणारी ही माणसं, बरीचशी गोंडांतून निघालेली. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली 'सोनझारी झरेका' हे नाव आजही आहे. सरकारी यादीतल्या या दोन शब्दांत एक अख्खं तंत्रज्ञान दडलंय. जातीचा दाखला काढायला जाणाऱ्या मुलालाही कदाचित कुणी सांगत नसेल की तुझं आडनाव, तुझी जमात हे एका कौशल्याचं नाव आहे.

निजामाच्या राज्यातलं सोनं

शहागड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याच संस्थानात दक्षिणेला रायचूर जिल्हा होता आणि त्यात हट्टीची सोन्याची खाण. 1947 मध्ये तिथं हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा एकीकडे गेला, रायचूर दुसरीकडे. हट्टीची खाण आज कर्नाटकात आहे आणि ती देशातली सोन्याची प्रमुख चालू खाण आहे. माझ्या पणजोबांच्या काळात शहागड आणि हट्टी एकाच राजाला सारा भरत होते, हे मला नकाशे शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं.

हट्टीच्या आधुनिक खाणकामगारांना खोलवर जुन्या खाणी सापडल्या. त्यांत राहिलेल्या लाकडाचं वय कार्बन पद्धतीनं काढलं तर ते सुमारे दोन हजार वर्षांचं निघालं. म्हणजे सातवाहनांचा काळ. सुरुंगाची दारू नसताना माणसं खडकाजवळ जाळ करून तो तापवत, मग त्यावर पाणी ओतून तडकवत आणि अशा रीतीनं शेकडो फूट खाली जात.

हट्टीपासून जवळच मस्की आहे. 1915 मध्ये सी. बीडन नावाचा सोन्याच्या खाणींचा इंजिनिअर या भागात सोनं शोधत फिरत होता. त्याला एका मोठ्या धोंड्यावर कोरलेली अक्षरं दिसली. तो अशोकाचा शिलालेख निघाला, आणि साधासुधा नाही. तोवर मिळालेल्या लेखांत राजा स्वतःला 'देवांचा प्रिय', 'प्रियदर्शी' म्हणवत होता. मस्कीच्या लेखात 'अशोक' हे नाव स्पष्ट कोरलेलं होतं. प्रियदर्शी म्हणजेच अशोक, याचा हा थेट पुरावा. एक इंजिनिअर सोनं शोधायला गेला आणि त्याला एका सम्राटाचं नाव मिळालं. माझ्यासारख्याला याहून मोठं प्रोत्साहन काय हवं?

टाकून दिलेले खडे

आता माझ्या घमेल्यात उरलेल्या पांढऱ्या खड्यांकडे येतो, कारण शहागडच्या सोन्याची खरी गोष्ट त्यांच्यात आहे.

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर जमतात. त्यातून स्फटिक, कॅल्सेडनी, अकीक, गोमेद तयार होतात. खडक झिजला की हे कठीण खडे सुटे होऊन नदीत येतात. गोदावरीच्या पात्रात आजही मुलं हे गोटे वेचतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती देणारी पुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात बरिगाझा, म्हणजे आजचं भरूच, या बंदराचं वर्णन करताना तो दक्षिणेच्या दोन बाजारपेठांची नावं सांगतो. बरिगाझापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. रस्ता खडतर, माल गाड्यांवरून जातो. पैठणहून काय जातं? गोमेद-अकीकाच्या जातीचे खडे, मोठ्या प्रमाणावर. आणि बरिगाझात बाहेरून काय येतं? इतर अनेक वस्तूंबरोबर सोन्याची आणि चांदीची नाणी, जी इथल्या चलनाशी बदलली की नफा होतो.

पैठण शहागडच्या वरच्या अंगाला, त्याच नदीवर. म्हणजे मी घमेल्यातून बाजूला काढलेले, सोन्याच्या मानानं हलके म्हणून बिनकामाचे ठरलेले खडे, हाच दोन हजार वर्षांपूर्वी इथला निर्यातीचा माल होता. त्यांच्या बदल्यात सोनं येत होतं. रोमन लेखक प्लिनी तर कुरकुर करतो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो.

सातवाहनांची नाणी शिशाची आहेत, तांब्याची, पोटिनची आणि चांदीची. सोन्याचं नाणं त्यांनी पाडलेलं मिळत नाही. आलेलं सोनं नाण्यात फिरलं नाही, ते बहुधा अंगावर गेलं. तेरला तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. खरं नाणं परवडलं नाही तर मातीचं करून गळ्यात घालायचं. आज एक ग्रॅमचे दागिने विकणारी दुकानं पाहिली की मला ती मातीची नाणी आठवतात.

तर गंगेच्या पोटातल्या सोन्याचा पहिला हिशोब असा. ते इथं जन्मलं नाही. इथल्या खड्यांच्या, कापडाच्या, कापसाच्या बदल्यात ते बाहेरून आलं.

झारेकरी

बाहेरून आलेलं सोनं पुन्हा नदीत गेलं ते माणसांच्या मार्गानं. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजल, तुळशीचं पान आणि सोन्याचा कण ठेवतात. ऐपतीप्रमाणे मणी, नाहीतर नुसती वाळ्याएवढी तार. मग चिता, मग राख आणि अस्थी नदीला. अशा किती पिढ्यांचे किती मणी गोदावरीत गेले असतील, याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही.

कुणीच नाही असं मात्र म्हणता येत नाही. मराठीत एक शब्द आहे, झारेकरी. सोनाराच्या दुकानातली धूळ, शेगडीची राख, स्मशानातली राख धुऊन त्यातून सोनं-चांदी काढणारा. 'झारा' म्हणजे ती राख-धूळ. काही भागांत त्यांना धुळधोये म्हणतात. सोनझारी जे नदीच्या रेतीशी करायचे, तेच झारेकरी शहराच्या धुळीशी करायचे. हत्यार तेच, काठवट किंवा पाटी, पाणी आणि हाताची लय. नदीचं काम भूगर्भानं सोडलेल्या कणांचं, झारेकऱ्याचं काम माणसानं सांडलेल्या कणांचं.

जालन्याच्या सराफ्यातल्या एका वयस्कर सोनारकाकांशी मी बोललो. ते म्हणाले, "आमच्या आजोबांच्या वेळेस दुकानाची जमीन मातीची, शेणानं सारवलेली. कानस मारताना, तार ओढताना कण उडायचे ते जमिनीत मुरायचे. झारेकरी वर्षातून येकदोनदा यायचे. वरचा थर खरवडून न्यायचे, पैसे आधी द्यायचे आणि जाताना जमीन पुन्हा सारवून द्यायचे." मग हसून म्हणाले, "धुळीचा भाव ठरवायचा म्हणजे जुगारच की. पण ते चिमूट बोटावर घासून सांगायचे, यात किती निघंल. आमच्या आजोबाला ते कधी जमलं नाही."

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आमच्या क्षेत्रात कचऱ्यासारख्या डेटातून कामाचं काढणाऱ्याला चांगला पगार आणि मोठं पद मिळतं. झारेकऱ्याला गावानं काय दिलं? स्मशानाची राख चाळणारा म्हणून अंतर दिलं. मेलेल्याच्या तोंडातलं सोनं काढतो म्हणून नाक मुरडलं. तेच सोनं पुन्हा सोनाराकडे जायचं, वितळायचं आणि कुणाच्या तरी मंगळसूत्रात बसायचं, तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. शिवाय या कामाची किंमत त्यांच्या शरीरानंही दिली. बारीक सोनं गोळा करायला धुळीत पारा घालतात. सोनं पाऱ्याला चिकटतं, मग तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं उरतं. उडालेला पारा श्वासातून आत जातो, मेंदू आणि मूत्रपिंडं खातो. जगात आजही लहान प्रमाणावर सोनं काढणारे लाखो लोक हेच करतात. पाऱ्याला आळा घालायला 2013 मध्ये मिनामाता करार झाला, भारतही त्यात आहे.

नव्या शिकाऊंना म्हणूनच सांगावंसं वाटतं, पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

ब्रासचा भाव

शेवटी आज शहागडच्या पात्रात काय चाललंय ते. मला चांगल्या जागा सापडायला त्रास झाला याचं एक कारण असं, की मी वर सांगितलेली खालची, खडकाला चिकटलेली खडी बऱ्याच ठिकाणी उरलेलीच नाही. वाळूचं माप ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. वजन चार टनांच्या पुढे. ट्रॅक्टर आणि हायवा भरभरून वाळू जाते, दिवसा लिलावाची आणि रात्री बिनलिलावाची. संभाजीनगर, जालना, बीड, पुणे सगळीकडे इमारती उभ्या राहतायत. मी ज्या फ्लॅटचा हप्ता भरतो त्याच्या भिंतीतही कुठल्या तरी नदीची वाळू आहेच.

ही वाळू पुन्हा भरून येईल असं आपण गृहीत धरतो. पण 1976 मध्ये पैठणला जायकवाडी धरण पूर्ण झालं. धरण पाणी सोडतं तेव्हाही जाड वाळू बहुतेक मागेच राहते. म्हणजे नाशिकपासून पैठणपर्यंतची नदी जी वाळू आणायची ती आता नाथसागराच्या तळाशी बसते. शहागडला मिळते ती खालच्या ओढ्यानाल्यांची. आवक घटली, जावक वाढली. हिशोब कळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

मामांच्या विहिरीचं पाणी आता मार्चमध्येच तळ गाठतं. पूर्वी मे निघायचा. पात्रातली वाळू म्हणजे एक मोठी टाकी असते. पावसाळ्याचं पाणी ती धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू सोडते. टाकीच उपसली तर पाणी थांबायचं कुठे? सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2012 मध्ये लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल असं सांगितलं, ते याच काळजीतून. निकाल कागदावर आहे. गंगथडीत रात्री जाग आली तर ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येतो.

सोनं शोधणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर वाळूचा थर म्हणजे नदीची वही. खालच्या पानावर जड गोष्टी, वरच्या पानावर हलक्या. अकीकाचे खडे, काळी रेती, कुणाच्या तरी आजीच्या तोंडातला मणी, जरीचा धागा, सगळं क्रमानं लावलेलं. हायवाला पानं वाचता येत नाहीत, तो वहीच उचलून नेतो. दोन हजार वर्षांपूर्वी या पात्रातले खडे विकून सोनं आलं, तेव्हा नदी होती तशीच राहिली. आज वाळू विकून पैसा येतो आणि पुढच्या वर्षी नदी तितकी कमी असते. हा फरक मला अकरा घमेली धुतल्यावर कळला, नुसतं वाचून कळला नसता.

तुमच्या गावाला नदी असेल तर उन्हाळ्यात एकदा जाऊन एक घमेलं वाळू धुऊन बघा. सोनं मिळणार नाही, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात तर नाहीच. पण काळी रेती मिळेल, तिला चुंबक लावा. पांढरे खडे मिळतील, ते उन्हाकडे धरून बघा. धुतलेली वाळू तिथंच ओता. आणि परतताना गावच्या जुन्या सोनाराकडे थांबून विचारा, तुमच्याकडे झारेकरी यायचे का, कुठून यायचे, त्यांची नावं काय होती. ती नावं अजून कुणाच्या तरी लक्षात असतील. आठवली तर लिहून ठेवा.